खालची रांग

१

तिला सगळे बटणबाई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. काम होतंच तसं. दिवसातून तीस-पस्तीस वेळा हिरवं बटण दाबायचं, आणि लाल बटण दाबायची वेळ येऊ नये म्हणून दर वेळी पाच मिनिटं समोरच्या पडद्यांवरची नजर हटवायची नाही.

उद्यानातल्या बाकीच्या खेळांत माणसं किंचाळायला जात. उडत्या थिएटरात गप्प व्हायला येत. खुर्चीत बसायचं, पट्टा बांधून घ्यायचा. दिवे मालवले की पायाखालची फरशी सरकून बाजूला व्हायची आणि एकीवर एक अशा तीन रांगा पुढे झुकून एका अवाढव्य गोल पडद्यासमोर अधांतरी लटकायच्या. मग डोंगर, नदी, समुद्र, ढग, शहर. मध्येच वारा सुटायचा, तोंडावर तुषार यायचे, पोटात गोळा यायचा. पाच मिनिटांत जग फिरून माणसं पुन्हा होती तिथे.

बटणबाईच्या खोलीत दोन पडदे होते. एकावर सिनेमा, दुसऱ्यावर अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्यातून दिसणारे प्रेक्षक, करड्या रंगात. याआधी सतरा वर्षं तिने एका इस्पितळात एक्स-रे काढले होते. करड्या चित्रात काय असायला हवं आणि काय असायला नको, हे तिला पटकन कळे.

त्या मंगळवारी दुपारच्या खेळाला तिच्या लक्षात आलं. सिनेमात ढग सुरू झाले, दोन मिनिटं चाळीस सेकंद झाले, आणि खालच्या रांगेतल्या दहाच्या दहा माणसांनी पाय वर घेतले. घरात कुणी झाडू मारत आलं की सोफ्यावरची माणसं बोलता बोलता पाय उचलतात ना, अगदी तसे. कुणी खाली बघितलं नाही. कुणी शेजारच्याकडे बघितलं नाही. गुडघे वर आले, अकरा सेकंद तसेच राहिले, आणि पाय पुन्हा खाली लोंबू लागले.

मधली रांग, वरची रांग, ढिम्म.

पुढच्या खेळाला माणसं बदलली. दोन चाळीसला पाय वर.

त्याच्या पुढच्या खेळालाही.

२

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती मिस्त्रीवर. पंखे, तुषारांच्या नळ्या, सगळी यंत्रं मिस्त्रीच्या हातात. वर्षानुवर्षं तेच काम करून माणूस कंटाळतो आणि मग त्याला गमती सुचतात.

"मिस्त्री, तिसऱ्या मिनिटाला खालून हवा सोडता का हो तुम्ही?"

"कुठली हवा?"

"गार. पायांवर."

"बाई, हवा डोंगरावर आणि समुद्रावर. ढगात काही नाही. ढगात मी चहा पितो."

बोलताना त्याने पान्हा पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता. तिने ते मनात नोंदवून ठेवलं.

मग ती बाहेर पडायच्या दाराशी जाऊन उभी राहिली. खालच्या रांगेतल्या एका आजींना तिने हसत हसत विचारलं, "मध्येच पाय वर घेतलेत, घाबरलात की काय?"

"मी? छे गं. मी कशाला पाय वर घेऊ?" आजी म्हणाल्या. मग त्यांनी एकदा आपल्या चपलांकडे बघितलं, नातीचा हात धरला आणि निघाल्या. जरा जास्तच भराभर निघाल्या.

आणखी चौघांना विचारलं. चौघांचं उत्तर तेच. खोटं बोलताहेत असंही वाटेना. पट्टे तपासणारी मुलगी होती, तिला सगळे पट्टेवाली म्हणत. ती म्हणाली, "बाई, ढगातून जाताना मलाही गुदगुल्या होतात. पोटात गोळा येतो ना, त्यानं होत असेल."

असेल. पण मग मधल्या रांगेला पोट नाही?

शुक्रवारी एक स्थूल गृहस्थ खालच्या रांगेत बसल्या बसल्या झोपले. पाच मिनिटांच्या खेळात झोप लागणं ही काही छोटी कला नव्हे. बटणबाईला हसू आलं. दोन चाळीसला बाकीच्या नऊ जणांचे पाय वर गेले. या गृहस्थांचे खालीच राहिले.

मग त्यांचा उजवा पाय हळूहळू वर आला. गुडघ्यातून दुमडून नव्हे. टाचेकडून. भाजीच्या दुकानात आपण भोपळा तळहातावर घेऊन अंदाज घेतो, तसा तो किंचित वर झाला, थांबला आणि खाली आला. मग डावा.

गृहस्थ बाहेर आले ते जांभई देत. दाराबाहेर त्यांनी जमिनीवर दोनदा पाय आपटले, नवे बूट घालून बघताना दुकानात आपटतात तसे. मग जराशा नवलाने खाली बघत चालू लागले.

३

उद्यानाच्या साहेबांनी तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. माणसाने आधीच मनाशी काही ठरवलं असलं की तो असा शांत ऐकतो.

"बाई, तुमची पाळी बदलून हवी आहे का?"

"नाही साहेब. मी जे दिसतंय ते सांगतेय."

"बरं. समजा काहीतरी आहे. तुम्ही काय करणार? लाल बटण?"

लाल बटण दाबलं की खुर्च्या असतील तिथेच थबकत. मग मिस्त्रीने हाताने चाक फिरवून त्या मागे आणायच्या. पंधरा मिनिटं तरी जात. म्हणजे पंधरा मिनिटं दहा जणांचे पाय त्याच जागी लोंबकळत ठेवायचे.

"मिस्त्रीला घेऊन खाली बघून या," साहेब म्हणाले. "तुमचंही समाधान होईल."

पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे खोल जागा होती. कामगार तिला विहीर म्हणत. उतरायला लोखंडी शिडी. दुपारी खेळ बंद ठेवून दोघं उतरले. मिस्त्रीने दिवे लावले. सिमेंटची जमीन, चार पंखे, नळ्यांचं जाळं. कोपऱ्यात कुणाची तरी पडलेली टोपी, एक केसांची पिन, लहान मुलाचा एक मोजा. खुर्च्यांतून पडलेल्या वस्तू. वर पाहिलं तर खालच्या रांगेचे पाय यायचे ती जागा डोक्यावर तीन माणसांइतकी उंच. तिथे कुणाचा हात पोचणं शक्य नव्हतं.

"बघा," मिस्त्री म्हणाला. "उंदीरही नाही."

"तुम्ही रोज उतरता?"

"आठवड्यातून एकदा. तेल घालायला."

"कधी काही..."

"बाई, मला दोन मुली आहेत. नोकरी चांगली आहे. मी काही बघत नाही." एवढं बोलून तो थांबला आणि मग म्हणाला, "तुम्ही इस्पितळात होता ना? तिथे लोकांच्या आत बघायची सवय लागली असेल. इथे आत काही नसतं."

तो हे बोलत होता तेव्हा तिची नजर सहज खाली गेली. मिस्त्री पंख्याच्या पेटीवर बसला होता, दोन्ही पाय वर घेऊन, मांडी घालून. बसायला असं कुणी सांगितलं नव्हतं. आणि ती स्वतः शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी होती. मघाशी ती जमिनीवर उतरली होती, चांगली चार पावलं चालली होती. परत पायरीवर केव्हा चढली, तिला आठवेना.

मिस्त्रीनेही तिच्या पायांकडे बघितलं. मग स्वतःच्या.

"चला वर," तो म्हणाला. वर जाताना त्याने दिवे मालवायचेही कष्ट घेतले नाहीत.

४

घरी तिचा धाकटा भाऊ होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून त्याला घरीदारी सगळे पेंटर म्हणत. सहा वर्षांपूर्वी परांचीवरून खाली पडला. परांची म्हणजे उंचावर बांधलेल्या फळ्या, ज्यांच्यावर उभं राहून भिंत रंगवायची. कंबरेखालचं सगळं गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली.

रोज संध्याकाळी ती त्याचे पाय मांडीवर घेऊन तेल लावायची. नखं कापायची, कुठे खरचटलंय का, जखम होतेय का ते बघायची, कारण त्याला कळणार नव्हतं. त्याच्या पायांना तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. त्याला स्वतःला तर ते परकेच झाले होते. "पाहुण्यांना तेल लाव," म्हणायचा.

"ताई, मला कधी नेतेस उडायला?"

"बघू."

"दोन महिने बघतेयस. माझी उंची कमी पडते का? बसल्यावर सगळे सारखेच."

तिने टाळलं. खुर्ची दुरुस्तीला आहे, गर्दी आहे, पट्टा नीट बसत नाही. चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यांना फक्त खालच्या रांगेत बसवता येत असे. तिथवर उतार होता, वरच्या रांगांना पायऱ्या. हे तिने त्याला सांगितलं नाही. दुसरी कारणं मात्र सांगितली, आणि ती एकमेकांशी जुळेनात.

"खोटं बोलताना तू डावा कान चोळतेस," तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "खरं सांगू? तुला मी असाच हवाय. घरात. पाय तुझ्या मांडीवर देऊन."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून उभी राहिली. राग आला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला त्यात थोडं खरंही वाटलं होतं.

५

दुसऱ्या आठवड्यात सकाळच्या तिसऱ्या खेळाला तिने करड्या पडद्यावर त्याला बघितलं.

पट्टेवाली आणि आणखी एक जण त्याला चाकाच्या खुर्चीतून उचलून खालच्या रांगेत बसवत होते. शेजारच्या गाडीवाल्याला पटवून आला होता. कॅमेऱ्याकडे तोंड करून त्याने अंगठा दाखवला. त्याला ठाऊक होतं, ती बघत असणार.

तिने फोन उचलला. "पट्टेवाली, त्याला उतरव."

"बाई, तुमचा भाऊ ना? साहेबांनीच पाठवलंय. फोटोही काढला. किती खूश आहेत बघा."

मागे रांग खोळंबली होती. तिने हिरवं बटण दाबलं. नंतर कितीदा तरी तिने स्वतःला विचारलं, का दाबलं. सवयीने दाबलं, हेच खरं उत्तर होतं.

डोंगर गेले. नदी गेली. समुद्रावर त्याने दोन्ही हात पसरले. दोन मिनिटं तीस. तिचा तळवा लाल बटणावर होता. दाबावं, तर तो नेमका तिथेच अडकून राहणार, पंधरा मिनिटं. न दाबावं, तर अकरा सेकंद. अकरा सेकंद कमी, असा हिशेब तिने केला आणि हात तसाच ठेवला.

दोन चाळीस. नऊ जणांचे पाय वर गेले.

पेंटरचे पाय खाली लोंबत होते, सहा वर्षं लोंबत होते तसेच, बोटं आत वळलेली. मग ती बोटं सुटी झाली. एकेक. तळवे सपाट झाले, काचेवर टेकवल्यासारखे. आणि गुडघे ताठ होत गेले.

तो बसल्या जागी उभा होता.

अकरा सेकंदांनी पाय पुन्हा लोंबू लागले. ती धावत खाली गेली. त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं आणि तो रडत होता. गेल्या सहा वर्षांत तिने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "टेकले गं."

"काय टेकलं?"

"पाय. खडबडीत होतं खाली. थोडं ऊनही होतं."

६

मग तो रोजच जाऊ लागला. साहेबांनी त्याला पास करून दिला होता. असा प्रेक्षक आला की उद्यानाचं नाव होतं, असं त्यांचं मत. तिने त्या अकरा सेकंदांचं सगळं सांगितलं, विनवण्या केल्या, भांडली, अबोला धरला. तो हसून म्हणायचा, "पाच मिनिटं तर जातो."

आठव्या दिवशी तेल लावताना तिच्या बोटांना काहीतरी लागलं. सहा वर्षं न चाललेले तळवे तान्ह्या बाळासारखे मऊ असतात. त्याचेही तसेच होते. आता टाचेला घट्टा होता. अंगठ्याखाली दुसरा. अनवाणी पुष्कळ चालणाऱ्याला पडतात तसे.

तिला पहिला संशय आला तो त्याच्यावरच. चालतोय. मी कामावर गेले की चालतो आणि मला सांगत नाही. का? तर मग तेल कोण लावणार, जेवण पुढ्यात कोण आणून देणार? असा विचार मनात आला म्हणून तिला स्वतःची लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी निघताना तिने त्याच्या पलंगाभोवती, दारात, न्हाणीघरापर्यंत अंगाला लावायची पावडर भुरभुरली. संध्याकाळी आली तर त्या पांढऱ्यावर फक्त चाकांच्या दोन रेघा.

"पावडर सांडलीस का गं?" तो म्हणाला. त्याला कळलं होतं. तो चिडला नाही, हेच तिला टोचलं.

तिने त्याचा पाय हातात घेतला. घट्ट्यावर बोट ठेवलं. "हे कसं झालं?"

"चालून."

"कुठे?"

"तुमचे अकरा सेकंद असतात, ते मला माहीत आहे. मी मोजायचा प्रयत्न केला. पण तिथे नाही मोजता येत."

"आज किती चाललास?"

"आज? पार दुपार होईपर्यंत."

बाहेर खाली अंगणात मुलं चेंडू खेळत होती. ती तो आवाज ऐकत बसली.

"एकटाच असतोस?" तिने विचारलं.

"एकदा माझ्या शेजारी बस," तो म्हणाला. "मग म्हणालीस तर बंद करतो. तुझ्या गळ्याची शपथ."

७

त्या दिवशी बटणांवर दुसरी बाई होती. पट्टेवालीने दोघांचे पट्टे तपासले. "बहीणभाऊ कसे शोभून दिसताय," म्हणाली.

तिने मनाशी पक्कं केलं होतं, पाय वर घ्यायचे नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून बसायचं. तिला सिनेमातला सेकंद न् सेकंद पाठ होता. डोंगर, नदी, समुद्र. इतक्या महिन्यांत हे सगळं तिने फक्त हातभर पडद्यावर बघितलं होतं, समोर इतकं मोठं बघून क्षणभर तीही विसरली. पेंटर शेजारी पुटपुटला, "आलं."

ढग.

प्रथम काहीच झालं नाही. मग तिच्या उजव्या टाचेखाली एक तळहात आला. गार नव्हता. अंगठा पायाच्या खळग्यात बरोबर दाबला गेला, मग बोटांकडे सरकला, मग परत. ती रोज संध्याकाळी ज्या रीतीने भावाचा पाय चोळायची, तीच रीत. दाब तोच. शेवटी करंगळी किंचित ओढायची तिची सवय, तीही.

तिचे पाय वर गेले. तिने घेतले नाहीत, ते गेले.

तिने मान वळवली. ढगांच्या उजेडात पेंटरचे पाय चालत होते. घाई नाही, दम नाही, रस्ता ओळखीचा असलेल्या माणसासारखे. आणि त्यांच्या समोर, वीतभर अंतरावर, आणखी दोन पाय होते. घोट्यांपर्यंतच दिसत होते. त्यांची बोटं पेंटरच्या बोटांकडे होती आणि ते मागे मागे जात होते. मूल चालायला शिकत असलं की त्याचे दोन्ही हात धरून आई त्याच्या समोर उलटी उलटी चालते, तसे.

"पेंटर," तिने हाक मारली. "अरे ए. माझ्याकडे बघ."

त्याचे हात त्याने पुढे धरले होते. कुणीतरी धरावे म्हणून धरतात तसे.

मग शहर आलं, दिवे आले, खुर्च्या मागे झुकल्या आणि पायाखाली फरशी सरकून आली. सगळ्यांचे पाय टेकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पेंटरचे पाय थांबले नाहीत. फरशीवर ते घासत राहिले, उजवा, डावा, उजवा. डोळे उघडे होते. चेहऱ्यावर हसू होतं. पट्टेवालीने पट्टा सोडला आणि त्याचा चेहरा बघून ती दोन पावलं मागे झाली.

८

डॉक्टरांनी झटके म्हटलं. अशा पायांना येतात, औषधाने कमी होतील. मेंदूचा फोटो काढला, तो तिने स्वतः हातात घेऊन खिडकीशी धरला. त्यात जे असायला हवं ते होतं, नको ते काही नव्हतं. साहेबांनी खालच्या रांगेला दोरी बांधली आणि दुरुस्तीची पाटी लावली. मिस्त्री एकदा घरी येऊन गेला. पेंटरच्या खोलीच्या दारातच उभा राहिला, आत आला नाही. "मी होड्यांच्या खेळाकडे बदली मागितली," एवढंच म्हणाला.

पेंटर भरवलं तर गिळायचा. बोलायचा नाही. कधी मध्येच हसायचा, बरोबरचं कुणी काही बोलल्यासारखा. आणि पांघरुणाखाली त्याचे पाय चालत. सकाळी, दुपारी, ती डोळ्याला डोळा लागून दचकून उठे तेव्हाही. तेल लावायला घेतले तर हातातून निसटून पुढे जात. टाचांना भेगा पडल्या. तिने नोकरी सोडली होती. पलंगाशेजारी खुर्ची टाकून ती बसून राही आणि विचार करी, हा लांब चाललाय की जवळ येतोय?

नवव्या दिवशी चार वाजता चाल बदलली.

चहाचा कप तिच्या हातात होता. खोलीत उन्हाचा चौकोन पडला होता. पेंटरचे गुडघे एकाएकी जास्त वर येऊ लागले. तिला समजायला थोडा वेळ लागला. तो जिना चढत होता. तिने सहज मोजलं. नऊ. मग दोन पावलं सपाट. मग पुन्हा नऊ.

कप तिने खाली ठेवला. लिफ्ट बंद पडायची तेव्हा दोन माणसं त्याला खुर्चीसकट उचलून आणत आणि ती पुढे पायऱ्या मोजत चाले. नऊ पायऱ्या, वळण, नऊ पायऱ्या. तीन मजले.

पुन्हा नऊ. दोन सपाट. नऊ. मग आणखी नऊ, आणि तिला वाटलं की खालून, जिन्यातून, खरंच काहीतरी ऐकू येतंय. अंगणातल्या मुलांचा चेंडू आपटायचा थांबला होता.

शेवटच्या नऊ.

पलंगावरचे पाय थांबले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. मग उजवा पाय चादरीवर घासला गेला, एकदा, दोनदा. डावा, एकदा, दोनदा. त्याच वेळी बाहेर, दारातल्या पायपुसण्यावर तो आवाज झाला. काथ्याचा, खरखरीत.

पेंटरचे पाय आता निश्चल होते. त्याच्या भेगाळलेल्या टाचा तिला स्पष्ट दिसत होत्या.

बाहेर पायपुसण्यावर पुन्हा घासल्याचा आवाज झाला. आणखी कुणीतरी आपले पाय पुसत होतं. हळू, नीट, अजिबात घाई न करता.

मग थोडी शांतता. पाट्या रंगवायचा तेव्हा पेंटरचे दोन्ही हात रंगाने भरलेले असत, म्हणून घरी आला की तो बेल वाजवत नसे. पायाच्या अंगठ्याने दार वाजवायचा. दोनदा. सहा वर्षांत तो आवाज तिने ऐकला नव्हता.

पलंगावर त्याचा उजवा अंगठा हवेत दोनदा हलला, आणि दार वाजलं.

तेव्हा तिला दिसलं की आपण खुर्चीत पाय वर घेऊन बसलो आहोत, गुडघे छातीशी गच्च धरून. किती वेळ झाला कोण जाणे. पलंगावर पेंटर हसत होता. त्याचा श्वास लागला होता, तीन मजले चढून आलेल्या माणसाला लागतो तसा.

दार पुन्हा वाजलं.

तिने एक पाय खाली टेकवला. मग दुसरा.

"आले," ती म्हणाली.